बाळ सांभाळायचं प्रशिक्षण : कुठं मिळतं, काय शिकवतात आणि प्रमाणपत्र खरं की खोटं, कसं ओळखायचं?

नागपूर : नागपूर शहरात नवरा-बायको दोघंही नोकरीवर आणि घरी आजी-आजोबा नाहीत, अशी घरं आता प्रत्येक वस्तीत आहेत. अशा घरांना बाळ सांभाळायला भरवशाची बाई लागते. सावनेर, कळमेश्वर, उमरेड, कुही, मौदा, हिंगणा या भागांतल्या बाया सकाळच्या बसने या कामासाठी शहरात जातात. काही जणी तिथंच मुक्कामी राहतात.

मागणी आहे म्हटल्यावर क्लास काढणारेही पुढं आले. ‘आठ दिवसांत नॅनी व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. आधी नोंदणी फी, मग ड्रेसचे पैसे, मग सर्टिफिकेटचे पैसे. नोकरी मात्र लागत नाही. लागली तरी बाळाच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, हे त्या बाईला कोणी शिकवलेलं नसतं. म्हणजे एकीकडं बाईचे कष्टाचे पैसे जातात आणि दुसरीकडं कोणाचं तरी लेकरू धोक्यात येतं.

म्हणून या प्रशिक्षणाची माहिती इथं एका जागी दिली आहे.

थोडक्यात

- बाळ सांभाळणं हे शिकून येणारं काम आहे. त्याचे सरकारमान्य अभ्यासक्रम आहेत.
- कौशल्य विकासाच्या बऱ्याच सरकारी योजनांत हे प्रशिक्षण फुकट असतं.
- प्रमाणपत्र क्यूआर कोडवरून आणि सरकारी पोर्टलवर तपासता येतं.
- नोकरीच्या हमीसाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहावं.

काम एकच वाटतं, पण प्रकार वेगळे

‘बाळ सांभाळायची बाई’ म्हटलं तरी त्यात चार-पाच वेगवेगळी कामं येतात. प्रत्येकाचं शिक्षण वेगळं आहे. क्लासला पैसे भरण्याआधी आपल्याला यातलं कोणतं काम करायचं आहे, ते ठरवावं.

१) घरी बाळ सांभाळणारी : शहरात हिला नॅनी, आया किंवा बेबी केअर म्हणतात. सरकारी कौशल्य अभ्यासक्रमात या कामाचं नाव ‘चाइल्ड केअरटेकर’ असं आहे.

२) बाळंतीण आणि तान्हं बाळ सांभाळणारी : मालिश, आंघोळ, बाळंतिणीचं खाणं-पिणं हे तिचं काम. एजन्सीवाले हिला ‘जापा’वाली बाई म्हणतात. हे काम गावात पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे, पण त्यात जुन्या चुकीच्या सवयीही आहेत. म्हणून हातात हुनर असलं तरी नव्यानं शिकावं लागतं.

३) पाळणाघराची सेविका आणि मदतनीस : इथं एकाच वेळी अनेक मुलं असतात.

४) अंगणवाडी सेविका आणि मदतनीस : ही एकात्मिक बाल विकास सेवा योजनेची मानधनी नेमणूक आहे. क्लास केला म्हणून ती मिळत नाही. जाहिरात निघते, गावातलीच उमेदवार लागते आणि राज्यातल्या अलीकडच्या भरतीत किमान बारावी पासची अट आहे. प्रशिक्षण नेमणुकीनंतर सरकार देतं. ‘आमचा कोर्स करा, अंगणवाडीत लावून देतो’ असं कोणी म्हटलं तर ते खोटं समजावं.

५) दवाखान्यातली सहायक : ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा रुग्णसेवेचा कोर्स आहे. कित्येक मुली त्यालाच ‘नर्सिंग’ समजून पैसे भरतात. तो नर्सिंगही नाही आणि बालसंगोपनाचा कोर्सही नाही.

हे शिक्षण आपल्याकडं नवं नाही

पोरं तर सगळ्याच बाया सांभाळतात, त्यात शिकायचं काय, असा प्रश्न गावात हमखास येतो. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे.

इंग्लंडमध्ये १८९२ साली एमिली वॉर्ड यांनी नॅनींना शिकवणारी नॉरलँड ही संस्था काढली. ती आजही चालू आहे. त्याच १८९२ साली मुंबईत ताराबाई मोडक यांचा जन्म झाला. पुढं त्यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत अडचण अशी आली की गरिबांची मुलं बालवाडीत यायचीच नाहीत. मोठं पोर घरी लहानग्याला सांभाळत बसायचं नाहीतर गुरांमागं जायचं. मग या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी. शिंपले, बिया, खडे, पानं हेच खेळाचं सामान. १९५७ नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवून पाहिली. मुलांना सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बायाही तिथंच तयार झाल्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. आपल्या विदर्भातलं मेळघाटचं धारणी हे त्यातलं एक ठिकाण.

खुद्द नागपूरचाही यात वाटा आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये कामगार बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर होतं. १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी नागपुरात मातृ सेवा संघाची सुरुवात केली. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, न शिकलेल्या हातांनी व्हायचं, त्या काळातली ही गोष्ट. सुईणपणाचं काम शिकून केलं तर माय आणि लेकरू दोघंही वाचतात, हे त्या कामानं दाखवलं. बाळ सांभाळण्यालाही हेच लागू होतं.

चांगल्या प्रशिक्षणात काय शिकवतात?

नुसत्या वहीत लिहून घेण्याचं हे काम नाही. बाहुलीवर सराव, मग पाळणाघरात किंवा अंगणवाडीत प्रत्यक्ष मुलांसोबत काही दिवस काम आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी, हे तिन्ही असायला पाहिजे. पुढच्या गोष्टी शिकवल्या जातात की नाही, हे क्लास लावण्याआधी विचारावं.

स्वच्छता : बाळाला घेण्याआधी, शी धुतल्यावर आणि खाऊ घालण्याआधी साबणानं हात धुणं. भिवापूर, कुही भागातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. मिरची तोडून आलेला हात बाळाच्या डोळ्याला लागला तर काय होतं, ते त्यांना माहीत आहे. जंतूंचंही तसंच आहे, फक्त ते दिसत नाहीत.

खाणं-पिणं : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. नागपूरच्या मे महिन्यातही वरचं पाणी नाही, घुटी नाही. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत घट्टसर वरचं अन्न. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही.

झोप : तान्ह्या बाळाला पाठीवर निजवायचं. तोंडाजवळ उशी, जाड गोधडी ठेवायची नाही. एके काळी गिरणीत किंवा वावरात जाताना बाळ निजून राहावं म्हणून अफूची गोळी द्यायचे. आज तीच चूक सर्दीच्या किंवा झोपेच्या औषधानं होते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय बाळाला कोणतंही औषध द्यायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे.

घशात अडकणं : शेंगदाणा, चणा, नाणं, बटण यांनी श्वास अडकतो. बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच निघत नसेल आणि बाळ एक वर्षाच्या आतलं असेल, तर त्याला हातावर पालथं धरून डोकं खाली ठेवायचं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा मारायच्या. तरी निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यायचा. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीनं करायचं आणि दुसऱ्या कोणाला १०८ ला फोन लावायला सांगायचं. न दिसणारी वस्तू बोट घालून काढायची नाही, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. बाहुलीवर हात बसवावा लागतो.

भाजणं : भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, तूप लावायचं नाही.

पाणी आणि करंट : रांगतं मूल अर्ध्या बादलीतही बुडू शकतं. वापरून झालं की बादली पालथी घालायची. आपल्याकडं उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो आणि ओल्या कूलरचा करंट लागतो. मुलाचा हात पोचेल तिथं तो नको आणि पाणी भरताना आधी प्लग काढायचा.

जुलाब आणि ताप : ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं आणि २४ तासांनंतर उरलेलं फेकायचं. बाळ दूध ओढत नाही, झटके येतात, श्वास जोरात चालतो, छाती आत ओढली जाते किंवा बाळ सुस्त पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी तसंच.

रडणं : बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. मेंदूला इजा होते. रडणं ऐकून डोकं फिरलं तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाजूला जायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं. सांभाळणारी थकते, ही गोष्ट चांगल्या क्लासमध्ये लपवत नाहीत.

बोलणं आणि खेळणं : बाळ ‘अं’ म्हणालं की आपणही उत्तर द्यायचं. त्यातूनच भाषा आणि बुद्धी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाइल, टीव्ही दाखवायचा नाही. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

कायदा : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ पाठ असायला पाहिजे.

प्रशिक्षण मिळतं कुठं?

कौशल्य विकास योजना : केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून आहे. घरकाम आणि संगोपनाच्या कामांसाठी ‘होम मॅनेजमेंट अँड केअरगिव्हर्स’ ही वेगळी सेक्टर स्किल कौन्सिल आहे आणि बाळ सांभाळण्याचा अभ्यासक्रम तिच्याकडं येतो. या योजनेतल्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला उमेदवाराकडून फी घेत नाहीत. कोणत्या केंद्रात सध्या कोणती बॅच चालू आहे, ते ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ आणि राज्याच्या ‘महास्वयम’ पोर्टलवर पाहता येतं. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही विचारता येतं.

आधीपासून काम करणाऱ्यांसाठी : दहा-दहा वर्षं मुलं सांभाळलेल्या बायांना पुन्हा पहिल्यापासून शिकायची गरज नसते. त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाला मान्यता देण्याची सोय आहे, तिला ‘आरपीएल’ म्हणतात. थोडं मार्गदर्शन, मग परीक्षा आणि मग प्रमाणपत्र.

उमेद अभियान : बचत गटातल्या बायांनी आधी आपल्या समूह संसाधन व्यक्तीला विचारावं. ग्रामीण गरीब कुटुंबातल्या तरुणांसाठी दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. साधारण वय १५ ते ३५, बायांसाठी ४५ पर्यंत. तीही मोफत. शाळा सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थान हाही मार्ग आहे.

बारावी झालेल्यांसाठी : इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा एक वर्षाचा डिप्लोमा घरी राहून करता येतो. विद्यापीठाचं विभागीय केंद्र नागपुरात आहे. ज्यांना पुढं स्वतःचं पाळणाघर काढायचं आहे, त्यांना हा जास्त उपयोगी.

अंगणवाडी सेविकांसाठी : केंद्रानं मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ असे दोन आराखडे आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं युनिसेफसोबत ‘आरंभ’ हा कार्यक्रम उभा केला. तीन वर्षांच्या आतल्या बाळाशी घरातल्या वस्तूंनी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे त्यात सेविकांच्या मार्फत पालकांना शिकवतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे.

प्रमाणपत्र खरं कसं ओळखायचं?

रंगीत कागद आणि सोनेरी शिक्का कोणीही छापतो. ‘पी हळद अन् हो गोरी’ अशा घाईनं दिलेलं प्रमाणपत्र चांगल्या ठिकाणी कोणी विचारत नाही. हे तपासावं :

- सरकारी कौशल्य योजनेच्या प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचं नाव, कोड, पातळी आणि क्यूआर कोड असतो. तो मोबाइलवर स्कॅन करून नाव जुळतं का पाहावं.
- अभ्यासक्रमाचं नाव ‘नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर’ या सरकारी यादीत शोधावं.
- क्लासला जाऊन चालू बॅच पाहावी. सरावाची बाहुली, पाळणा, प्रथमोपचाराची पेटी आहे का? आधी शिकून गेलेल्या दोघींशी बोलता येतं का?
- पैसे घेतले तर छापील पावती. फक्त मोबाइलवर पैसे मागणारा आणि पत्ता न सांगणारा असेल तर थांबावं.
- दहावी-बारावीची मूळ मार्कशीट किंवा मूळ आधार कार्ड कोणाकडंही ठेवू नये. झेरॉक्स द्यावी आणि त्यावर कशासाठी दिली ते लिहावं.

ऑनलाइन पैसे भरून फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या नंबरवर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

कामावर लागताना

शिकलेल्या बाईनं आपल्या कामाच्या अटी बोलून आणि लिहून घ्याव्या. किती तास, किती मुलं, महिन्याचा पगार किती आणि कोणत्या तारखेला, आठवड्याची सुटी कोणती, मुक्कामी असेल तर झोपायची जागा आणि रात्रीचं काम किती. बाळाच्या कामासोबत झाडू-पोछा, भांडी, स्वयंपाक गळ्यात पडतो आणि बाळाकडं दुर्लक्ष होतं. ते आधीच ठरवलेलं बरं.

महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी कामगार विभागाच्या कार्यालयात होते. मुलं सांभाळणारी बाईही त्यात येते. शिवाय असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. ती सेवा केंद्रात करता येते.

कामाच्या घरात कोणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. घरकामगार बाईलाही हा कायदा लागू आहे. तातडीची मदत ११२ वर आणि महिला हेल्पलाइन १८१ वर.

आणखी एक. १४ वर्षांच्या आतल्या पोरीला दुसऱ्याचं बाळ सांभाळायला कामावर ठेवणं गुन्हा आहे. ‘शहरात राहील, खाईल-पिईल, शिकेल’ असं सांगून कोणी पोरगी न्यायला आलं तर १०९८ ला कळवावं.

गावातच काम होऊ शकतं का?

कापूस वेचणीच्या, मिरची तोडणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून बाळ निजवतात आणि पाच-सहा वर्षांच्या बहिणीला राखणीला बसवतात. बोर्डीत ताराबाईंना दिसलं, तेच हे चित्र. म्हणजे पाळणाघराची गरज फक्त शहराची नाही.

केंद्राच्या मिशन शक्तीमध्ये ‘पाळणा’ योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, म्हणजे सहा महिने ते सहा वर्षांची मुलं दिवसभर तिथं राहू शकतात. आपल्या गावाला हे लागू होईल का, ते बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं विचारता येतं. ग्रामसभेत ठराव घेऊन मागणी केली तर जोर येतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायची तरतूद केली होती.

बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीत जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यावं लागतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन वर्षांच्या आतल्या दहा मुलांमागं एक आणि त्यावरच्या वीस मुलांमागं एक सांभाळणारी लागते. ही पाळणाघरं खरोखर चालली तर शिकलेल्या बायांना गावाजवळ काम मिळेल.

फोन नंबर जपून ठेवा

रुग्णवाहिका १०८, मुलांची हेल्पलाइन १०९८, महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२, ऑनलाइन फसवणूक १९३०.

क्लास लावण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ‘बाळाच्या घशात दाणा अडकला तर काय करायचं, ते मला करून दाखवता का?’ जो बाहुली हातात घेऊन दाखवेल, तिथं पुढचं बोलावं. जो फी आणि हमीचंच बोलेल, तिथून उठून यावं.